नाणेघाटाच्या रांजणापासून फुंकायच्या नळीपर्यंत

नाताळ आणि थर्टी फर्स्ट जवळ आला की पुणे-नाशिक रस्त्यावर पोलिसांची नाकाबंदी लागते. मंचर असो, नारायणगाव असो, आळेफाटा असो, गाडी बाजूला घ्यायला सांगतात, यंत्राची नळी तोंडापुढे धरतात आणि म्हणतात, फुंका. आपल्या घरातली माणसं या नळीला घाबरतात, तिच्यावर विनोद करतात, तिला चुकवायला आतला रस्ता धरतात. पण ही नळी आली कुठून, तिच्या आधी काय होतं, हे कुणी सांगत नाही. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

नाका आपल्याला नवा नाही. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटानं जुन्नरला चढायचा. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं जुनी माणसं सांगतात. शेजारच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख कोरलेला आहे. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या सगळ्यात जुन्या नाक्यावर नाव आहे ते एका बाईचं. तो नाका काय बघायचा? बैलाच्या पाठीवर काय लादलंय ते. तांड्याच्या नायकानं वाटेत काय घेतलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

दारूशी सरकारचं नातं जुळलं ते पैशाचं. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला. घरी मोहाची दारू गाळणं गुन्हा झालं आणि सरकारनं ठेका दिलेल्या दुकानातून घेणं कायदेशीर झालं. पश्चिम पट्ट्यातल्या आपल्या आदिवासी वाड्यांना हे सांगायला नको. सणाला, लग्नाला, देवापुढे जी धार लागायची तिच्यावर पोलिसांचा डोळा आला, आणि दुकानातली बाटली मात्र वर्षभर मिळायला लागली. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८८० सालीच दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं होतं. १९०८ साली पुण्यात दुकानांपुढे निदर्शनं झाली. आणि १९३० साली गांधीजींनी दारूच्या गुत्त्यांवर धरणं धरायचं काम मुद्दाम बायकांवर सोपवलं. कारण साधं होतं. दारूचा हिशोब त्या घरात रोज मांडत होत्या.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला, १९४९ चा. गृहमंत्री मोरारजी देसाई होते. १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण बंदी लागू झाली. पुढे १९६३ नंतर ती सैल होत गेली, पण कायदा पुसला गेला नाही. आजही आपल्या राज्यात दारू प्यायला कागदावर परवाना लागतो. परमिट रूम हे नाव तिथूनच आलं. तुमच्या गावातल्या किती जणांकडे तो परवाना आहे, हे तुम्हीच मनात मोजा.

आता खरी गोष्ट. बंदीच्या त्या काळात, १९५१ च्या मे महिन्यात, मुंबईत कुलाब्याच्या बसथांब्याजवळ रात्री साडेनऊच्या सुमाराला एका जीपनं तीन माणसांना उडवलं. त्यात दोन बाया होत्या. जीप चालवणारे गृहस्थ कोण? बेहराम पेसिकाका, मुंबई विभागाचे प्रादेशिक परिवहन अधिकारी. म्हणजे गाड्यांना आणि चालकांना परवाने देणाऱ्या खात्याचे साहेब! डॉक्टरांनी तपासलं. तोंडाला दारूचा वास येत होता, डोळे लालसर होते. पण बोलणं सुसंगत होतं आणि सरळ रेषेत चालता येत होतं. साहेब म्हणाले, मी दारू नाही, औषधी टॉनिक घेतलं होतं, त्यात अल्कोहोल असतं. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं एक महिन्याची सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड सांगितला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९५४ साली तिथं ते सुटले. न्यायाधीशांचं म्हणणं असं, की औषधातल्या अल्कोहोलवर बंदी नाही, तेव्हा पोटात गेलं ते औषध नसून दारूच होती हे सरकारनं सिद्ध करायला हवं. नुसत्या वासावरून ते होत नाही.

आम्ही हा खटला गटाच्या बैठकीत सांगितला तेव्हा बायका हसल्या. वास ओळखायला कोर्ट कशाला, आम्हाला दाराच्या कडीच्या आवाजावरून कळतं, असं एकजण म्हणाली. तिचं खरं आहे. पण न्यायाधीशांचंही चुकलं नाही. उद्या आपल्याच पोराला खोकल्याच्या औषधाच्या वासावर तुरुंगात टाकलं तर आपण काय म्हणू? वास पुरावा नाही म्हटल्यावर मोजमाप शोधणं भाग पडलं. म्हणून १९५९ साली आपल्या दारूबंदी कायद्यात दुरुस्ती झाली. डॉक्टरकडून तपासणी आणि रक्ताची चाचणी आली, आणि रक्तात अमुक इतकं अल्कोहोल सापडलं तर प्यायला नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर आली.

जगात दुसरीकडेही हाच प्रश्न होता. नॉर्वे देशानं १९३६ सालीच रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ठरवली होती. अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन या माणसानं १९५४ साली, म्हणजे आपल्याकडे तो निकाल लागला त्याच साली, फुंकून मोजायचं यंत्र बनवलं. त्यात पिवळं रसायन असायचं. श्वासात अल्कोहोल असलं की त्याचा पिवळा रंग उतरायचा. दारू पोटातून रक्तात जाते, रक्त फुप्फुसात येतं, तिथून ती श्वासात उतरते. म्हणूनच वेलची, बडीशेप, पेरूचं पान चावून वास मारता येतो, यंत्राचा आकडा मारता येत नाही.

इंग्लंडमध्ये ही नळी रस्त्यावर आणली ती एका बाईनं. बार्बरा कॅसल तिथल्या वाहतूक मंत्री होत्या. १९६७ साली त्यांचा कायदा आला तेव्हा दारूवाले आणि गाडीवाले दोघंही चवताळले. स्वतःला गाडी चालवता येत नाही अशा बाईनं आम्हाला शिकवू नये, असं त्यांना ऐकवलं गेलं. त्या बधल्या नाहीत. अमेरिकेत १९८० साली कँडी लाइटनर नावाच्या आईची तेरा वर्षांची मुलगी रस्त्याकडेनं चालताना गाडीखाली गेली. चालक प्यायलेला होता आणि आधीही पकडला गेलेला होता. त्या आईनं इतर आयांना गोळा करून संघटना उभी केली आणि कायदे बदलायला लावले.

आपल्या देशात १९३९ च्या मोटार कायद्यातही प्यायलेल्या चालकाला शिक्षा होती, पण त्याचा गाडीवर ताबा राहिला नव्हता हे दाखवावं लागायचं. १९८८ च्या कायद्यात कलम १८५ आलं आणि १९९४ च्या दुरुस्तीनं आकडा पक्का झाला: शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. शंभर मिलिलिटर म्हणजे चहाचा कप धरा. त्यात चिमटीतल्या मिठापेक्षाही कितीतरी कमी. त्याच्या वर गेलं की गुन्हा, मग सरळ चालता येवो नाहीतर न येवो. २०१९ च्या दुरुस्तीनं पहिल्या वेळचा दंड दहा हजार रुपये झाला, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर पंधरा हजार, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्याकडे बाईचा शेतातला रोज साडेतीनशे धरला तरी दहा हजार म्हणजे तिची महिनाभराची मजुरी.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हा दंड नाक्यावर भरून मिटत नाही. प्रकरण कोर्टात जातं, जुन्नरला नाहीतर घोडेगावला. त्यामुळे रस्त्यात कुणी "इथंच मिटवून टाकू" म्हणालं तर ते सरकारचं काम नव्हे. आणि अटक केली तर दोन तासांच्या आत तपासणी व्हायला हवी, हेही कायद्यातच आहे. रक्ताच्या नमुन्याला किती किंमत असते ते २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला दिसलं. महागड्या गाडीनं दोन तरुण जिवांना उडवलं, आणि नंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाचे डॉक्टर अटकेत गेले.

इथं आमच्या गटात मोठी वादावादी झाली. काही जणींचं म्हणणं, नाक्यावर सापडतात ती आपलीच पोरं, मोटारसायकलवाली, पिकअपवाली. माळशेजला, भीमाशंकरला मोठ्या गाड्या घेऊन येणारे सुटतात. त्यात तथ्य आहे. पण दुसऱ्या ताईनं तिची गोष्ट सांगितली. गटाचं कर्ज काढून घेतलेला तिच्या दिराचा पिकअप रात्री उलटला. तो प्यायलेला होता असा कागद निघाला आणि विमा कंपनीनं गाडीची भरपाई नाकारली. गाडी भंगारात गेली, हप्ते चालू राहिले, आणि ते फेडायला दर आठवड्याला ती जाऊबरोबर खुरपायला जात होती. त्या दिवशीच नाक्यावर अडवला असता तर दहा हजारांत भागलं असतं, असं ती म्हणाली. त्यानंतर वाद थोडा थंडावला.

नाक्यानं सगळं होत नाही हेही खरं. तो असतो महामार्गावर, आणि धोका असतो आतल्या रस्त्यावर. सुट्ट्यांचा हंगाम तोच आपल्याकडे गाळपाचा हंगाम. निवृत्तीनगरच्या विघ्नहर कारखान्याकडे आणि पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. कितींच्या मागं लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर असतो? शुद्धीतल्या माणसाला जी ट्रॉली ऐनवेळी दिसते, ती प्यायलेल्याला दिसतच नाही. त्यात ३१ डिसेंबरच्या रात्री पोलिसांचा मोठा बंदोबस्त पेरणे फाट्याच्या जयस्तंभाकडे लागलेला असतो. आणि त्याच रात्री दारूची दुकानं, परमिट रूम उशिरापर्यंत उघडी ठेवायची सवलत सरकारच देतं. एका हातानं बाटली द्यायची, दुसऱ्या हातानं नळी. १८७८ पासून चाललेला हा कारभार आहे, आम्हाला त्याचं नवल वाटत नाही, राग मात्र येतो.

बाटली रस्त्यापासून दूर न्यायचा एक प्रयत्न सुप्रीम कोर्टानं केला. अपघातानं व्हीलचेअरवर आलेले चंदीगडचे हरमन सिद्धू यांनी दाद मागितली होती. १५ डिसेंबर २०१६ ला निकाल आला: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही. छोट्या गावांसाठी पुढे हे अंतर दोनशे वीस मीटर झालं. एप्रिल २०१७ ला हायवेवरची किती शटर खाली आली ते तुम्ही पाहिलंच. मग शहरांच्या हद्दीला सूट मिळाली, नंतर कुठली ग्रामपंचायत शहरासारखी ते ठरवणं राज्यांवर सोपवलं, आणि शटर परत वर गेली.

आपल्या हातात राहते ती आडवी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण अट बघा. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नाही, तर यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. जी आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला जातं. आणि दिवाळीनंतर पश्चिमेकडच्या वाड्यांतल्या किती बायका मजुरीला नारायणगावच्या बाजूला उतरलेल्या असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा अर्ज करताना मतदार यादी घेऊन बसा, कोण गावात आहे आणि कोण कामाला खाली गेली आहे त्यावर खूण करा, आणि तारीख त्या परत येतील तेव्हाचीच मागा.