रात्री साडेनऊचा लॅग

आजचा इतिहास थेट आमच्या स्वयंपाकघरातून.

हॉलमधल्या पीसीवरचा गेम वायफायने फोनवर घेऊन मी आतल्या खोलीत खेळतो. दिवसभर मस्त चालायचा, पण रात्री साडेनऊला चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. मी धाकट्या भावावर ओरडलो, "तूच डाउनलोड लावतोस!" तो शपथा घेत राहिला. आठवडाभर आमचं बोलणं बंद.

मग एका रात्री गेम अडकला, तेव्हा भाऊ घरातच नव्हता. बाबा दुकान बंद करून आले होते आणि आई मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम करत होती.

हे भांडण जुनं आहे बरं का! १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सरने लहरींनी अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा अशा यंत्रांना दिला गेला. तिथे गोंगाट चालणार, हे ठरलेलंच होतं. ९ मे १९८५ ला अमेरिकेच्या एफसीसीने तोच पट्टा विनापरवाना संदेशवहनासाठी खुला केला. १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं, वेग फक्त २ एमबीपीएस. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. थोडक्यात, वायफाय हा मायक्रोवेव्हच्या घरात आलेला भाडेकरू!

मग व्हिडिओ का अडकत नाही? तो पुढचा भाग आधीच साठवतो. गेमला ती सोय नाही. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एकेका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद.

आमच्या राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव होतं. आतल्या खोलीत सिग्नल कमी झाला की फोन गुपचूप २.४ वर जायचा. मी दोघांना वेगळी नावं दिली आणि फोन ५ वर जोडला. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपुढे लवकर दमतं, म्हणून राउटर टीव्हीमागून काढून कपाटावर ठेवला. पीसीला केबल लावली. तुमच्याकडे फक्त २.४ असेल, तर चॅनल १, ६ किंवा ११ निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

आता साडेनऊला भाजीही गरम होते, गेमही चालतो. भावाला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "सॉरी नको, पहिला चान्स माझा."

दिला. भेटू पुढच्या भागात!