जालना ते कारंजा : बहिर्जी नाईक आणि शिवकालीन हेरांची खरी ताकद

१/
नोव्हेंबर १६७९. जालन्याची पेठ लुटून परतणारी मराठ्यांची फौज संगमनेरच्या परिसरात मोगलांनी अडवली. घोडी थकलेली, जनावरांवर लूट लादलेली, शत्रूची ताजी कुमक जवळ येत असलेली आणि फौजेत स्वतः छत्रपती शिवाजी महाराज. या पेचातून वाट काढण्याची जबाबदारी ज्याच्यावर पडली, तो सेनापती नव्हता. तो जासुदांचा नाईक होता : बहिर्जी. हा थ्रेड त्याच्याविषयी आणि त्याच्या कामाविषयी.

२/
प्रथम भूगोल. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात जानेफळ आहे. त्याच्या नैर्ऋत्येस जिजाऊसाहेबांचे जन्मगाव सिंदखेड राजा आणि त्यापलीकडे जालना. पूर्वेस कारंजा लाड. शिवकाळात हा सारा टापू मोगलांचा होता. आईन-ए-अकबरीत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग, म्हणून नोंदलेले आहे. रायगडापासून शेकडो मैल दूर असलेल्या या मुलखाच्या दोन टोकांवरील दोन श्रीमंत पेठांवर, नऊ वर्षांच्या अंतराने, मराठी फौजा अचूक येऊन पोहोचल्या. त्या पोहोचल्या कशा, हा या थ्रेडचा प्रश्न आहे.

३/
आज बहिर्जींचे नाव घेतले की डोळ्यांसमोर सुपरहिरो उभा राहतो. सुपरहिरोंच्या खेळांतील गुप्त पथकात प्रत्येकाला एकेक अद्भुत शक्ती वाटून दिलेली असते. लोकप्रिय कथांनी बहिर्जींनाही तशीच रूप पालटण्याची शक्ती दिली. कधी फकीर, कधी वासुदेव, कधी भिकारी. हाताखाली हजारो हेर, पक्ष्यांच्या आवाजातील सांकेतिक भाषा, शत्रूच्या दरबारात बसूनही न ओळखला जाणारा चेहरा. कथा रंगतदार आहेत. मात्र शिवकाळाच्या जवळचे साधन उघडले की वेगळाच माणूस भेटतो.

४/
ते साधन म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीला ती लिहिली गेली. शिवाजी महाराजांचा काळ पाहिलेल्या माणसाचे हे लेखन असल्याने त्याला मोल आहे. सभासद त्याला बहिरजी जाधव म्हणतो आणि दोन प्रसंगी ठळकपणे पुढे आणतो : सुरतेच्या लुटीपूर्वी आणि जालन्याहून परतताना. दोन्ही ठिकाणी वेषांतराचा चमत्कार नाही. एका ठिकाणी बातमी आहे, दुसऱ्या ठिकाणी वाट आहे.

५/
त्याचा हुद्दाही नीट पाहण्यासारखा आहे. 'जासूद' हा शब्द अरबी 'जासूस'वरून आला; परंतु मराठी व्यवहारात जासूद म्हणजे केवळ हेर नव्हे. पत्रे नेणारा, निरोप पोहोचवणारा, लांबच्या मजला पायी मारणारा, तोही जासूदच. चालणे हा त्याचा धंदा आणि त्या चालण्यातूनच माहिती गोळा होई : कोणत्या घाटात पाणी आहे, कोणत्या ठाण्यात किती शिबंदी आहे, कोणत्या पेठेत कोणाची कोठी भरलेली आहे. अशा माणसांच्या तुकडीचा प्रमुख तो नाईक.

६/
हेरगिरीचे शास्त्र या भूमीला नवीन नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एका जागी राहणारे आणि संचार करणारे असे हेरांचे दोन वर्ग आहेत. विद्यार्थी, गृहस्थ, व्यापारी, तापस अशा वेषांची तेथे पद्धतशीर वर्गवारी केलेली आहे. त्याहून महत्त्वाचा त्यातील एक नियम : तीन हेरांच्या बातम्या एकमेकींशी जुळल्या, तरच त्या विश्वसनीय मानाव्यात. वेष हे साधन होते. खरी किंमत पडताळून घेतलेल्या माहितीला होती.

७/
मोगलांकडेही यंत्रणेची वाण नव्हती. वाकेनवीस, सवानेहनिगार, खुफियानवीस आणि हरकारे अशी बातमी देणाऱ्यांची उतरंड सुभ्यासुभ्यांत पसरलेली होती आणि त्यांची वृत्ते डाकचौकीने बादशहापर्यंत जात. या यंत्रणेचा रोख बव्हंशी आपल्याच अधिकाऱ्यांवर नजर ठेवण्याकडे होता. बातमी वर जाई, तेथून हुकूम खाली येई. मराठ्यांची बातमी मात्र जो घोड्यावर बसून निघणार, त्याच्याच कानी थेट पडत असे. वेगातला हा फरक निर्णायक ठरला.

८/
पहिला पुरावा सुरत, जानेवारी १६६४. सभासद सांगतो की बहिर्जी सुरतेहून आला आणि ते शहर मारल्यास अमाप द्रव्य हाती लागेल, असे त्याने राजांना सांगितले. राजांनी हे काम इतर कोणावर न सोपवता स्वतः जाण्याचे ठरवले. यात साहस आहेच. पण साहसाच्या आधी हिशेब आहे. सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत संपन्न बंदर. तेथवर जाऊन परत येणे एका अटीवरच शक्य होते : शहराचे संरक्षण नेमके किती, हे आधी ठाऊक असणे.

९/
ते संरक्षण कागदावरच होते. सुभेदार इनायतखान पाचशे सैनिकांचा खर्च सरकारातून घेई; सैनिक मात्र ठेवलेले नव्हते. फौज येताच तो किल्ल्यात शिरून बसला. महाराजांनी आधीच निरोप धाडला होता की इनायतखानाने आणि हाजी झाहिद बेग, वीरजी व्होरा, हाजी कासिम या तीन बड्या व्यापाऱ्यांनी येऊन खंडणी ठरवावी. वेशीवर उभ्या असलेल्या सेनानीला शहरातील सर्वांत धनाढ्य तिघांची नावे माहीत होती. हेरखात्याचे काम तपासायचे तर असा निरोप कोणत्याही दंतकथेहून बोलका आहे.

१०/
दुसरा पुरावा वऱ्हाडातला. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली, त्याच महिन्यात वणी-दिंडोरीची लढाई झाली. मोगलांचे लक्ष नाशिक-बागलाणाकडे लागलेले असताना मराठी फौज खानदेशात उतरली. बुऱ्हाणपूरजवळचा बहादूरपुरा लुटून ती वऱ्हाडात घुसली आणि डिसेंबरात कारंज्यावर कोसळली. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी दिलेल्या तपशिलानुसार उंची कापड, सोने आणि चांदी मिळून सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैल-गाढवांवर लादून नेण्यात आला.

११/
सरकार आणखी एक गोष्ट नोंदवतात. शहरातील बडी माणसे पकडली गेली. त्यांच्यातील सर्वांत मोठा धनिक तेवढा स्त्रीवेष घेऊन निसटला. हेरकथांमध्ये वेषांतर नेहमी हेर करतो. इथे ते हेरांच्या अचूकतेपासून वाचण्यासाठी एका सावकाराला करावे लागले. एवढ्या लांबच्या पेठेत कोणाकडे काय आहे हे कळायला आधी कोणीतरी तिथे राहून, बाजारात हिंडून, धर्मशाळेत निजून गेलेले असणार. त्या माणसाचे नाव कोणत्याही कागदात नाही.

१२/
याच स्वारीत वाटेवरच्या गावांच्या पाटलांकडून चौथाईचे लेखी करार घेण्यात आले. म्हणजे गुप्त माहितीचा उपयोग एका लुटीपुरता नव्हता. कोणत्या गावाचा वसूल किती, हे कळल्याशिवाय त्याचा चौथा हिस्सा ठरत नाही. जासुदांनी तुडवलेल्या वाटांवरूनच पुढे मराठी राज्याचा महसुली हक्क चालत गेला.

१३/
आता पुन्हा १६७९ मध्ये. दिलेरखानाने आदिलशाहीवर मोहीम उघडली होती. त्याचे बळ विभागण्यासाठी महाराज मोगली मुलखात शिरले आणि नोव्हेंबरात जालन्यावर गेले. पेठ चार दिवस लुटली गेली. येताना वेगाने येणारी फौज जाताना ओझ्याने मंदावते, हे मोगल सरदार जाणून होते. रणमस्तखानाने परतीच्या वाटेवर गाठले. तीन दिवस झुंज चालली. सिधोजी निंबाळकर आणि त्यांच्यासोबत सुमारे दोन हजार माणसे कामी आली.

१४/
त्यात केसरसिंग आणि इतर सरदारांची नवी फौज जवळ आली. सभासदाच्या कथनानुसार खुद्द केसरसिंगानेच गुप्तपणे निरोप पाठवला की आम्ही येऊन पोहोचण्यापूर्वी निघून जा. शत्रूच्या गोटातून आलेली ही बातमी मोलाची होती. पण निघायचे कोठून? नेहमीचे मार्ग रोखलेले होते. मोगलांना ठाऊक नसलेला मार्ग हवा होता.

१५/
बहिर्जीने तो मार्ग दाखवला. आडवाटांनी तीन दिवस आणि तीन रात्री सतत चालून त्याने फौज अकोले तालुक्यातील पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणली. राजे प्रसन्न झाले, त्यांनी त्याचा गौरव केला. महाराजांनी येथे विश्रांती घेतली म्हणून पट्ट्याला विश्रामगड हे नाव मिळाले. किल्ल्याच्या या नावामागे एका जासुदाचे पाठ असलेले भूगोलाचे ज्ञान आहे, हे तिथे जाणाऱ्या फार थोड्या भटक्यांना माहीत असते.

१६/
या प्रसंगातून एक दंतकथाही तपासता येते. बहिर्जी भूपाळगडाच्या लढाईत धारातीर्थी पडले, असे अनेकदा सांगितले जाते. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर, म्हणजेच भूपाळगडावर, त्यांची समाधी दाखवतात. दिलेरखानाने हा किल्ला घेतला एप्रिल १६७९ मध्ये. जालन्याची स्वारी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली. सभासदाचा बहिर्जी जालन्याहून फौज परत आणतो. मग सात महिने आधीच्या लढाईत तो पडणे शक्य नाही. समाधीवरची श्रद्धा आपल्या जागी राहते. त्या लढाईतील मृत्यूची कथा मात्र कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही.

१७/
दंतकथा इतक्या का वाढल्या? हेराचे काम चांगले झाले तर त्याचा कागद उरत नाही. वकिलाची पत्रे राहतात, सरदाराच्या सनदा राहतात, किल्लेदाराचे हिशेब राहतात. जासूद मात्र तोंडी बातमी देतो आणि पुन्हा वाटेला लागतो. ही रिकामी जागा लोककथेने भरली आणि शेकडो पायांनी केलेले काम एका अद्भुत पुरुषाच्या नावावर जमा झाले. त्यात बहिर्जींचा गौरव झाला. बाकीचे सारे पुन्हा एकदा अदृश्य झाले.

१८/
दुसरीही बाजू विसरता येत नाही. स्वराज्याला पैसा हवा होता आणि तो शत्रूच्या पेठांतून आणला जात होता. रायगडावरून जो जासूद, तोच कारंज्याच्या किंवा जालन्याच्या बाजारातून पाहिला तर मुक्कामाला आलेला एक साधा वाटसरू होता. त्याच्या जाण्यानंतर काही दिवसांनी शहरावर फौज येई. इतिहास वाचताना ही दोन्ही दृश्ये एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. सुपरहिरोच्या कथेत त्यांपैकी एकच मावते.

१९/
सभासदाच्या बखरीतील बहिर्जी कमी विलक्षण आहे, असे मात्र नाही. पराभवाच्या छायेत, दोन हजार माणसे गमावलेल्या फौजेपुढे उभे राहून, राजासह सर्वांना सुखरूप नेतो असे म्हणायला लागणारा आत्मविश्वास कोणत्याही मुखवट्यातून येत नाही. तो वर्षानुवर्षे पायी तुडवलेल्या डोंगरांतून, विचारपूस केलेल्या गावांतून आणि पुन्हा पुन्हा पडताळलेल्या बातम्यांतून येतो. संगमनेरच्या रानात त्या तीन रात्री महाराजांनी आपला जीव याच ज्ञानाच्या हवाली केला होता.