विकेंद्रित खासगी संदेशवहन : नाशिकच्या संदर्भात

विकेंद्रित खासगी संदेशवहन : कोणत्याही कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरवर अवलंबून न राहता दोन किंवा अधिक फोन वा संगणकांनी आपसांत थेट, एन्क्रिप्ट केलेले संदेश पाठवण्याची पद्धत. तिला पीअर-टू-पीअर संदेशवहन असेही म्हणतात. ब्रायर, जामी, टॉक्स आणि बिटचॅट ही या पद्धतीची साधने आहेत. नाशिक जिल्ह्याशी या विषयाचा संबंध तीन ठिकाणी येतो : १९०९ च्या क्रांतिकारक कटातील गुप्त दळणवळण, ऑक्टोबर २०१६ मधील इंटरनेटबंदी आणि दर बारा वर्षांनी लाखोंची गर्दी खेचणारा सिंहस्थ कुंभमेळा.

गरज : व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लागू केले. तेव्हापासून संदेशाचा मजकूर खुद्द कंपनीलाही वाचता येत नाही. मात्र संदेश सर्व्हरवरूनच जात असल्यामुळे कोणी, कोणाला, किती वाजता, कोणत्या आयपी पत्त्यावरून संदेश पाठवला याचा माग तिथे उमटतो. एखाद्या विवाहितेने रात्री महिला हेल्पलाइनला, मग वकिलाला आणि पहाटे माहेरी भावाला संदेश पाठवला, तर मजकूर न वाचताही तिच्या घरात काय चालले आहे ते कळते. पत्रकार आणि त्याला कार्यालयातली कागदपत्रे दाखवणारा कर्मचारी यांच्या बाबतीत तर नुसता संपर्क झाल्याची नोंदही कर्मचाऱ्याची नोकरी घालवू शकते. ही नोंद एका ठिकाणी साठूच न देणे हा विकेंद्रित साधनांचा मुख्य हेतू. दुसरा हेतू म्हणजे मधला सर्व्हर किंवा इंटरनेट बंद पडले तरी संपर्क टिकवणे.

कार्यपद्धती : अशा प्रत्येक साधनाला तीन कामे करावी लागतात. समोरचा माणूस तोच आहे याची खात्री करणे हे पहिले. इथे खाते मोबाइल नंबरावर उघडत नाही. फोन स्वतःच किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. त्यातली सार्वजनिक किल्ली इतरांना द्यायची, खासगी किल्ली फोनबाहेर जात नाही. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेली सार्वजनिक किल्लीची कल्पना या सगळ्याच्या मुळाशी आहे.

समोरच्याचा फोन शोधणे हे दुसरे काम. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे एका फोनला दुसऱ्याचे दार थेट ठोठावता येत नाही. जामी हे अ‍ॅप सहभागी उपकरणांमध्ये वाटून ठेवलेल्या पत्तायादीतून फोन शोधते; २००२ मध्ये मांडलेली कॅडेम्लिया ही अशा यादीची सर्वांत प्रसिद्ध रचना. ब्रायर त्यासाठी टॉर जाळ्याचा वापर करते. टॉर प्रत्येक संदेश अनेक मध्यस्थ संगणकांतून फिरवून नेते. संदेश कुठून निघाला आणि कुठे पोहोचला या दोन्ही गोष्टी त्यांपैकी कोणत्याही एकाला कळत नाहीत.

तिसरे काम पोहोचवण्याचे. निरोप सांभाळून ठेवणारा सर्व्हर मध्ये नसल्याने सर्वसाधारणपणे दोन्ही फोन एकाच वेळी चालू असावे लागतात. पाठवणाऱ्याचा फोन चालू आणि घेणाऱ्याचा बंद असेल, तर संदेश पाठवणाऱ्याच्याच फोनमध्ये थांबतो.

जवळपासच्या फोनसाठी ब्लूटूथ आणि वाय-फाय वापरता येते. ब्लूटूथचा पल्ला मीटरांतच मोजावा लागतो. हा पल्ला वाढवण्यासाठी काही अ‍ॅप्स मेश पद्धत वापरतात. तिच्यात वाटेतला प्रत्येक फोन आलेला बंद संदेश न उघडता पुढच्या फोनला देतो. नाशिकच्या रामकुंडावरून निघालेला संदेश गर्दीतल्या फोनांवरून टप्प्याटप्प्याने होळकर पुलापर्यंत जाऊ शकतो. मात्र वाटेतल्या पुरेशा लोकांकडे तेच अ‍ॅप चालू असले पाहिजे.

प्रमुख साधने : ब्रायरची पहिली स्थिर आवृत्ती २०१८ मध्ये आली. ते मुख्यतः अँड्रॉइडवर चालते. दोन व्यक्ती समोरासमोर असतील तर एकमेकींच्या पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करतात आणि किल्ल्यांची देवाणघेवाण तिथेच पुरी होते. मध्ये कोणी तिसरा शिरण्याला जागा उरत नाही. इंटरनेट असेल तर ब्रायर टॉरवरून चालते, नसेल तर ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून. शेजारच्या फोनला हॉटस्पॉटवरून ते अ‍ॅपच देण्याची सोयही त्यात आहे. जामी मॉन्ट्रियलच्या साव्हार-फेअर लिनक्स या संस्थेने विकसित केले असून त्यावर व्हिडिओ कॉलही करता येतो. मात्र टॉरसारखा आडोसा नसल्याने संपर्कातील व्यक्तीला आपला आयपी पत्ता कळू शकतो. जुलै २०२५ मध्ये ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांनी पुढे आणलेले बिटचॅट ब्लूटूथ मेशवर चालते आणि संदेशाला सातपर्यंत टप्पे देते. सप्टेंबर २०२५ मधील नेपाळच्या आंदोलनकाळात ते मोठ्या प्रमाणावर डाउनलोड झाले. मॅट्रिक्स आणि एक्सएमपीपी या मिळत्याजुळत्या वाटणाऱ्या पद्धतींत सर्व्हर असतात, पण अनेकांचे अनेक. त्यामुळे त्यांना संघीय म्हणतात. सिग्नलचे एन्क्रिप्शन उत्तम असले तरी त्याचा सर्व्हर एकाच संस्थेचा आहे, म्हणून ते या वर्गात बसत नाही.

पूर्वपीठिका : मधली यंत्रणा सरकारच्या हातात असेल तर निरोप हातोहात न्यावा लागतो, हे नाशिकने शतकापूर्वी अनुभवले. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम २६ ने सरकारला पत्रे अडवण्याचा अधिकार दिला होता. नाशिकच्या मित्रमेळ्यातून १९०४ मध्ये उभी राहिलेली अभिनव भारत ही संघटना शपथबद्ध सभासदांवर चालत असे. लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन याने पेटीच्या दुहेरी तळात लपवून १९०९ मध्ये मुंबईला आणली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांतल्याच एका पिस्तुलाने कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घातल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. लंडन ते मुंबई या वाटेवर पिस्तुले कोणालाही सापडली नव्हती. कटाचा खटला उभा राहिला तो पकडलेल्यांच्या जबान्यांवर, आणि खुद्द अमीन माफीचा साक्षीदार झाला. वाट कितीही सुरक्षित असली तरी तिच्या दोन टोकांना माणसे असतात, हा या प्रकरणाचा धडा आजच्या साधनांनाही तंतोतंत लागू आहे.

इंटरनेटबंदी : ऑक्टोबर २०१६ मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातील तळेगाव येथे बालिकेवरील अत्याचाराच्या घटनेनंतर जिल्ह्यात हिंसाचार उसळला. अफवा पसरू नयेत म्हणून प्रशासनाने मोबाइल इंटरनेट काही दिवस बंद ठेवले. पुढे जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना परिसरातही असेच आदेश निघाले. अफवेने माणसे मरतात, ही प्रशासनाची चिंता खोटी नाही. पण बंदीत अफवेबरोबर तिचा खुलासाही अडकतो, आणि शेजारच्या गल्लीत मुलगा सुखरूप आहे की नाही हे आईला कळेनासे होते. अशा वेळी ब्लूटूथवर चालणारे साधन घराघरांतला, वाड्यावस्तीतला संपर्क टिकवू शकते. ते आधीपासून फोनवर असले आणि संपर्क आधी जोडलेले असले तरच हे जमते.

सिंहस्थ : २०१५ च्या सिंहस्थात नाशिकला २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर हे शाही स्नानाचे दिवस होते. अशा दिवशी एकाच टॉवरवर क्षमतेच्या कितीतरी पट फोनांचा भार पडतो. रेंज दिसते, पण कॉल लागत नाही. मेशला मात्र दाट गर्दी उपकारक ठरते, कारण टप्पे जवळजवळ मिळतात. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले. ही घटना ध्यानात घेता २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी स्वयंसेवकांच्या पथकांनी अशा साधनांची आगाऊ रंगीत तालीम करणे अगत्याचे आहे. पथकांना लोरा या दूर पल्ल्याच्या रेडिओ तंत्रावर चालणारी मेशटॅस्टिक यंत्रेही उपयोगी पडू शकतात. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तिमर्यादेत विनापरवाना वापरता येतो, आणि मधे अडथळा नसेल तर छोटे लिखित संदेश काही किलोमीटर जातात.

कायदा : सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात फोन टॅपिंगवर बंधने घातली आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका लाच प्रकरणातील टॅपिंगचे आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. इंटरनेटबंदीसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र नियम झाले. त्यांची जागा नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या नियमांनी घेतली. बंदी बेमुदत असू नये आणि तिचे आदेश प्रसिद्ध करावेत, असे अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी ठरले. दुसरीकडे, मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ अ‍ॅप्स रोखली. दहशतवादी त्यांचा वापर करतात असे कारण दिले गेले. त्यांत ब्रायर आणि मॅट्रिक्सवर चालणारे एलिमेंट हेही होते. मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांनी त्याला केरळ उच्च न्यायालयात आव्हान दिले. एन्क्रिप्शन वापरणे हा भारतात गुन्हा नाही. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार सक्षम अधिकारी संदेश उलगडून देण्याचा आदेश काढू शकतात.

मर्यादा : विकेंद्रित आहे म्हणून साधन सुरक्षित ठरत नाही. हाँगकाँगच्या २०१९ च्या आंदोलनात गाजलेल्या ब्रिजफाय या मेश अ‍ॅपमध्ये वापरकर्त्यांचा माग काढता येतो आणि संदेश वाचता येतात, हे लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. बिटचॅटमध्येही दुसऱ्याचे सोंग घेता येईल अशी त्रुटी प्रकाशनानंतर लगेच आढळली. फोनमध्येच हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरले तर कोणतेही एन्क्रिप्शन निरुपयोगी ठरते. २०१९ मध्ये पेगासस या अशाच सॉफ्टवेअरने जगभरातील सुमारे १,४०० फोनांना लक्ष्य केल्याचे व्हॉट्सअ‍ॅपने न्यायालयात सांगितले. ब्लूटूथ सतत चालू ठेवल्याने बॅटरी लवकर उतरते आणि आसपासच्यांना आपले अस्तित्वही जाणवते. ब्रायरचा पासवर्ड विसरला तर खाते परत मिळवून देणारे कार्यालय कुठेच नाही.

वापरातील दक्षता : या पद्धतीत एरवी कंपनीवर टाकलेला भार वापरणाऱ्यांच्या अंगावर येतो. अ‍ॅप मुक्तस्रोत आहे का आणि त्याची तटस्थ सुरक्षा-तपासणी झाली आहे का, हे आधी पाहावे. संपर्क शक्यतो प्रत्यक्ष भेटीत जोडावेत. फोनला भक्कम पासवर्ड ठेवावा, सॉफ्टवेअर अद्ययावत असावे, संदेश ठरावीक काळाने आपोआप पुसले जातील अशी व्यवस्था लावावी. घर, पथक किंवा संस्था यांनी इंटरनेट बंद करून सराव करून पाहावा. कोणाचा फोन जुना, कोणाचे ब्लूटूथ बंद, कोण पासवर्ड विसरले, हे अडचणीच्या दिवसाआधीच कळते. खासगी बोलणे हा लपवाछपवीचा प्रकार मानला जातो तिथे सामान्य माणूसच आधी भरडला जातो. म्हणून ही साधने पत्रकार आणि कार्यकर्त्यांपुरती न राहता साध्या घरांत, रोजच्या निरोपांसाठी वापरली जायला हवीत. सगळेच वापरू लागले, तर केवळ वापरतो म्हणून कोणी संशयाच्या नजरेत येणार नाही.