अरण्यातील सावलीचे मोजमाप

१/ मोठ्या वृक्षाखाली उगवलेले रोप खुरटते. ते उन्हावाचून, की मोठ्या झाडाची मुळे पाणी शोषून घेतात म्हणून? कोणते झाड तोडावे नि कोणते राखावे, हे या उत्तरावर अवलंबून होते. वनशास्त्रातील एका दीर्घ वादाची ही कथा.

२/ १८५२ मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ गुस्ताव हेयर यांनी प्रकाश आणि सावली यांच्याशी वृक्षांचे नाते ग्रंथबद्ध केले. ‘प्रकाशप्रिय’ आणि ‘छायासहिष्णू’ ही विभागणी पुढे प्रमाण मानली गेली. मात्र सावलीची दाटी नजरेनेच ठरे. आणि डोळा तर अंधाराला सरावतो.

३/ व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ युलियुस वीस्नर यांनी नजरेच्या जागी कागद आणला. सिल्व्हर क्लोराइडचा कागद उजेडात काळवंडतो. ठरावीक छटा येण्यास लागणारा वेळ उघड्यावर मोजायचा, मग झाडाखाली. दोहोंच्या तुलनेतून पानांआडून प्रकाशाचा कितवा हिस्सा खाली पोहोचतो, ते कळे. ही मोजमापे त्यांनी थेट जावा बेटावरही केली. १९०७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

४/ या पद्धतीत एक उणीव होती. कागद मुख्यतः निळ्या-जांभळ्या किरणांनी काळवंडे. पाने मात्र लाल किरणही वापरतात.

५/ दरम्यान १९०४ मध्ये फ्रिके यांनी रूढ मतालाच आव्हान दिले. पाइनच्या खुरटलेल्या रोपांभोवती चर खणून त्यांनी मोठ्या झाडांची मुळे तोडली. सावली तशीच राहिली, तरी रोपे तरारली! प्रकाशाचा सिद्धान्त हा निराधार हट्ट आहे, असे त्यांनी लिहिले.

६/ पुढचे साधन ढगांच्या अभ्यासातून आले. १९२४ मध्ये केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी संपूर्ण आकाश एका छायाचित्रात टिपणारे भिंग मांडले. १९५९ मध्ये इव्हान्स आणि कूम्ब यांनी तसे छायाचित्र झाडांखालून घेतले आणि त्यावर सूर्याचे मार्ग आखले. एखाद्या जागी वर्षातील कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी थेट ऊन पडू शकेल, हे आता एका चित्रावरून सांगता येऊ लागले.

७/ वादाचा निकाल कोणा एका पक्षाच्या बाजूने लागला नाही. कोरड्या, निकस जमिनीत मुळांची स्पर्धा भारी ठरते. दाट, ओलसर अरण्यात प्रकाशाची टंचाई. सावली मोजता आली, म्हणूनच ही दोन कारणे वेगळी करता आली.