इटेनचे ब्रदर

2004 साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्व आफ्रिकेचे धावपटू आघाडीवर असतात, याचे आपल्याला आता नवल वाटत नाही. विजेत्यांची नावे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येतात. त्यांना कोणी घडविले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न केनियात विचारला, तर तो आपल्याला एका मिशन शाळेच्या आवारात नेऊन सोडतो.

रिफ्ट दरीच्या काठावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,400 मीटर उंचीवर इटेन नावाचे गाव आहे. तेथील सेंट पॅट्रिक्स हायस्कूल ही पॅट्रिशियन ब्रदर्स या संघाची शाळा. बिशप डॅनियल डिलेनी यांनी 1808 मध्ये आयर्लंडमधील टलो येथे हा संघ स्थापन केला. आपल्याकडे ब्रदर म्हणजे ‘अजून फादर न झालेला’ असे समजणारे भाविक पुष्कळ आहेत. वास्तविक ते एक स्वतंत्र पाचारण आहे आणि शाळेचा वर्ग हीच त्यातील अनेकांची वेदी असते. या संघाचे ब्रदर कोलम ओकॉनेल 1976 मध्ये भूगोल शिकविण्यासाठी इटेनला आले. मुक्काम तीन महिन्यांचा ठरला होता. तो दशकानुदशके लांबला.

धावण्याच्या प्रशिक्षणाचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. शाळेत तेव्हा पीटर फॉस्टर हे इंग्रज शिक्षक मुलांचा सराव घेत. ऑलिंपिक पदकविजेते ब्रेंडन फॉस्टर यांचे ते बंधू. ते मायदेशी परतल्यावर ती जबाबदारी ब्रदर कोलम यांच्याकडे आली. काळही अनुकूल नव्हता. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत न्यूझीलंडचा रग्बी संघ खेळल्याच्या निषेधार्थ 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकवर केनियाने बहिष्कार घातला होता आणि 1980 मध्ये मॉस्कोलाही त्याचे खेळाडू गेले नाहीत. ऐन उमेदीची एक पिढी त्यात वाया गेली. पुढे 1988 मध्ये सेंट पॅट्रिक्सचा माजी विद्यार्थी इब्राहिम हुसेन हा बोस्टन मॅरेथॉन जिंकणारा पहिला आफ्रिकी ठरला, आणि त्याच वर्षी पीटर रोनो याने सोल येथे 1500 मीटरचे सुवर्णपदक मिळविले. नामांकित विद्यार्थ्यांच्या नावाने आवारात झाडे लावण्याची प्रथा या शाळेने जपली आहे.

येथे थोडे थांबले पाहिजे. गोरा मिशनरी आला आणि त्याने आफ्रिकेला धावायला शिकविले, अशी कथा रचणे सोपे आहे. मिशनरी वाङ्मयात अशा कथा आपण भक्तिभावाने वाचलेल्याही आहेत. परंतु ती खरी नव्हे. ब्रदर कोलम येण्यापूर्वी आठ वर्षे, 1968 मध्ये, किपचोगे केइनो याने मेक्सिकोत 1500 मीटरचे सुवर्णपदक जिंकले होते. जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धेत केनियाच्या पुरुषांनी 1986 ते 2003 अशी सलग अठरा वर्षे सांघिक विजेतेपद राखले. त्या यशाचा पाया ज्यांच्या कारकिर्दीत घातला गेला ते प्रशिक्षक माइक कोसगेई केनियाचेच. त्यांचे नाव बाहेर किती जणांना ठाऊक आहे? स्वतः ब्रदर कोलम आपण मुलांकडूनच शिकलो, असे सांगत आले आहेत. हा केवळ विनय नसावा. ज्याला शास्त्र ठाऊक नव्हते, त्याला मुलांचे धावणे निरखण्यावाचून गत्यंतर नव्हते.

माझ्या मते त्यांचे अधिक मोलाचे कार्य वेगळेच आहे. 1989 मध्ये त्यांनी इटेनला तरुण धावपटूंसाठी शिबिरे सुरू केली आणि त्यांत मुलींनाही स्थान मिळाले. केनियाच्या स्त्रिया 1968 पासून ऑलिंपिकमध्ये उतरत होत्या. पण त्यांचे पहिले पदक, पॉलीन कोंगा हिचे रौप्य, 1996 मध्ये आले. मधली अठ्ठावीस वर्षे पाय दुबळे होते म्हणून गेली नाहीत. लवकर होणारी लग्ने, पाणी-सरपणाचा भार, मुलींना सरावाला पाठविण्यास नाखूष घरे, हे सारे त्यामागे होते. शिबिरांत आलेल्या मुलींपैकी लिडिया चेरोमेई हिने 1991 मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, जागतिक क्रॉस-कंट्रीतील कनिष्ठ गटाची शर्यत जिंकली. पुढच्या पिढीतील व्हिव्हियन चेरुइयोत 2016 मध्ये रिओ येथे 5000 मीटरची ऑलिंपिक विजेती झाली.

डेव्हिड रुडिशाची कीर्ती अर्थातच या सर्वांहून मोठी. लंडन येथे 9 ऑगस्ट 2012 रोजी त्याने 800 मीटर अंतर 1 मिनिट 40.91 सेकंदांत कापले. त्याने 2010 मध्ये प्रथम मोडलेला विक्रम विल्सन किपकेटर याचा होता. किपकेटर डेन्मार्ककडून धावला खरा, पण तोही सेंट पॅट्रिक्सचाच विद्यार्थी.

मात्र धावणाऱ्या मुली पुढे शिकविणाऱ्या किती झाल्या? टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळाडूंपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. प्रशिक्षकांत त्यांचे प्रमाण 13 टक्के होते. मैदान खुले झाले, पण मार्गदर्शकाची जागा पुरुषांकडेच राहिली, आणि इटेनचा परिसरही त्याला फारसा अपवाद नाही.

तरीही एक धागा पुढे गेला आहे. ब्रदर कोलम यांच्या हाताखाली सराव केलेली जेनेथ जेपकोसगेई 2007 मध्ये 800 मीटरची विश्वविजेती झाली. निवृत्तीनंतर ती मुलांना शिकवू लागली. गरिबीमुळे शाळा सोडून गुरे राखणारा एमॅन्युएल वान्योनी तिच्याकडे आला. तिने त्याला पाठबळ दिले. 10 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये त्याने 800 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. वेळ होती 1 मिनिट 41.19 सेकंद.