कानपूरच्या भंगारातून उडालेली विमानं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बी-24 लिबरेटर जातीची अठरा हजारांहून अधिक विमानं बांधली. चार इंजिनांचं हे जड बॉम्बफेकी विमान. तेवढ्या संख्येने दुसरं कुठलंच अमेरिकी लढाऊ विमान तयार झालं नाही. आज त्यांतली अखंड उरलेली विमानं बोटांवर मोजावीत इतकीच आहेत. लंडन, ओटावा, ॲरिझोनातलं ट्यूसन, फ्लॉरिडा, दिल्लीचं पालम अशा ठिकाणच्या संग्रहांत ती विखुरली आहेत, पण या पाचही विमानांचं कूळ शोधत गेलं की आपण एकाच जागी येऊन थांबतो. ती जागा म्हणजे कानपूरजवळचा चकेरीचा विमानतळ.

लांब पल्ला हा लिबरेटरचा मोठा गुण. ब्रह्मदेशावर जाऊन परत यायचं तर असंच विमान हवं, म्हणून ब्रिटिश हवाई दलाने ते भारतात मोठ्या संख्येने आणलं. ही विमानं अमेरिकेने ‘लेंड-लीज’ कराराखाली दिलेली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची, विकत घ्यायची, नाहीतर मोडून टाकायची, अशी अट होती. ब्रिटिशांनी चकेरीला जमवलेली विमानं अवजारांनी ठोकून, तोडून पुन्हा उडू नयेत अशी केली आणि तिथेच सोडून दिली.

1948 मध्ये, काश्मीरचं युद्ध चालू असताना, स्वतंत्र भारताकडे एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हतं. तेव्हा नजर या ढिगाकडे वळली आणि काम बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे गेलं. हा कारखाना 1940 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने उभा केला होता. युद्धकाळात सरकारने तो ताब्यात घेतला आणि 1943 मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या हाती दिला. अमेरिकी विमानं उघडून, दुरुस्त करून परत उडवण्याचं काम तिथल्या हिंदी कारागिरांनी त्या वर्षांत रोज केलं होतं. कानपूरची गोष्ट सांगताना ‘जुगाड’ हा शब्द हमखास येतो आणि मला तो खटकतो. चकेरीला जे घडलं ते अंगात मुरलेल्या कामाचं फळ होतं.

मेकॅनिकांनी एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावत, फाटका पत्रा ठिगळून, चारही इंजिनं धडधडतील इतपत दुरुस्ती चकेरीलाच केली. मग कारखान्याचे मुख्य वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली. खरी, पूर्ण दुरुस्ती व्हायची ती तिथे. ज्या विमानाचा सांगाडा कुणी जाणूनबुजून मोडला आहे, ते पहिल्यांदा हवेत न्यायचं, तेही पुन्हापुन्हा, याला काय धैर्य लागत असेल! अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. नोव्हेंबर 1948 मध्ये कानपूरलाच त्यांच्यासाठी पाचवी स्क्वाड्रन स्थापन झाली. पुढे सहाव्या स्क्वाड्रनने पुण्याच्या लोहगावहून याच विमानांनी समुद्रावर गस्त घातली. 1968 च्या अखेरीस ती निवृत्त झाली, तेव्हा जगातल्या कुठल्याच हवाई दलाकडे कामावरची लिबरेटर उरली नव्हती.

एवढ्या उशिरापर्यंत ती उडत राहिली म्हणूनच ती वाचली. इतर देशांनी आपली लिबरेटर केव्हाच वितळवली होती. संग्रहालयांना जाग आली, तेव्हा चालू स्थितीतलं विमान मिळण्याचा पत्ता भारत हाच होता. कॅनडाने एक नेलं आणि बदल्यात आपलं लायसँडर विमान दिलं, ते पालमला आहे. ट्यूसनचं विमान 1969 मध्ये स्वतःच्या इंजिनांवर उडत अमेरिकेला पोचलं.

एक मात्र मागे राहिलं. भारतात तेरा वर्षं ते उघड्यावर पडून होतं. 1981 मध्ये डग अर्नॉल्ड या ब्रिटिश संग्राहकाने ते मिळवलं, सुटं करून इंग्लंडला नेलं, आणि 1984 मध्ये अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने विकत घेतलं. पाच वर्षं खपून त्यांनी ते 1989 मध्ये पुन्हा उडवलं. पुढची तीस वर्षं ते गावोगाव फिरलं. त्याच्या अखेरच्या रंगरूपातलं नाव होतं ‘विचक्राफ्ट’. सोबत असायचं बी-17 जातीचं ‘नाइन-ओ-नाइन’. लोक पैसे भरून अर्धा तास त्यांत बसायचे आणि त्याच पैशांवर इंजिनं चालायची.

2 ऑक्टोबर 2019 रोजी कनेक्टिकटच्या ब्रॅडली विमानतळावर ‘नाइन-ओ-नाइन’ उड्डाणानंतर लगेच परत फिरलं आणि उतरताना कोसळलं. तेरापैकी सात जण गेले. उजव्या पंखावरच्या दोन्ही इंजिनांची ताकद घटली होती. ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोंत दोष होते, आणि तपासाने अपुऱ्या देखभालीवर बोट ठेवलं. मार्च 2020 मध्ये संस्थेची प्रवासी नेण्याची सवलत रद्द झाली. ‘विचक्राफ्ट’ला ओरखडाही आला नव्हता, पण त्याचा दौरा तिथेच थांबला.

उडतं विमान हातचं जाण्याची ही दुसरी तऱ्हा मला अधिक छळते. कोसळलेल्या विमानाचा शोक तरी होतो. थांबलेल्याचा होत नाही, कारण ते डोळ्यांसमोर धडधाकट उभं असतं. पण इंजिन चालेनासं झालं की ते ऐकून दोष ओळखणारा माणूसही राहत नाही. त्याच वेळी, सवलत काढून घेणाऱ्यांना दोष द्यायला मन धजत नाही. सात माणसं गेली होती. ज्या मायेने ही विमानं उडवायची, ती माया मॅग्नेटोपर्यंत पोचलीच पाहिजे.

उडणारं दुसरं लिबरेटर ‘डायमंड लिल’, टेक्सासच्या कमेमोरेटिव्ह एअर फोर्सचं. ते कधी भारतात आलं नाही. आणि 12 नोव्हेंबर 2022 रोजी डॅलसच्या प्रात्यक्षिकात याच संस्थेचं बी-17 ‘टेक्सास रेडर्स’ आणि पी-63 किंगकोब्रा हवेत एकमेकांवर आदळली. सहा जण गेले, दोन्ही विमानं गेली.

लिबरेटरच्या पंखांवर असतात ती प्रॅट अँड व्हिटनीची 14 सिलिंडरची आर-1830 इंजिनं. तीच डकोटालाही असतात, चारऐवजी दोन. आपल्या हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीत 2018 पासून एक उडतं डकोटा आहे, ‘परशुराम’. राजीव चंद्रशेखर यांनी ते इंग्लंडमध्ये दुरुस्त करून भेट दिलं. कानपूरच्या ढिगात ज्या इंजिनांना पुन्हा जीव दिला गेला, तीच इंजिनं हाताळणारे मेकॅनिक त्यामुळे आजही या देशात कामावर आहेत.