शेततळ्यातल्या माशांना लसूण-हळद का खाऊ घालतात?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात संगमनेर, राहाता परिसरात डाळिंब-द्राक्षांसाठी प्लास्टिक अस्तराची शेततळी आहेत. त्याच पाण्यात अनेक शेतकरी कटला, रोहू, मृगळ वाढवतात. पण अस्तरामुळे माती-पाण्याचा संबंध तुटतो आणि माशांचे नैसर्गिक खाद्य, म्हणजे प्लवंग, कमी तयार होते. त्यामुळे मासे बाहेरून टाकलेल्या खाद्यावरच जास्त अवलंबून राहतात. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड हे त्यांचे नेहमीचे खाद्य.

पूरक घटक म्हणजे काय?

खाद्यात अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेला पदार्थ. तो पोट भरण्यासाठी नसतो, तर पचन आणि रोगप्रतिकारशक्ती सुधारण्यासाठी असतो.

• लसूण : ठेचल्यावर त्यात अ‍ॅलिसिन तयार होते. ते जीवाणूंची वाढ रोखते.
• हळद : तिच्यातील कर्क्युमिन दाह कमी करते.
• प्रोबायोटिक : बॅसिलस, लॅक्टोबॅसिलससारखे उपयुक्त जीवाणू. ते आतड्यात पचनाला मदत करतात.

पुरावा काय?

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रोहूच्या बोटुकलीला 60 दिवस किलोभर खाद्यात 1, 5 आणि 10 ग्रॅम लसूण दिला. नंतर एरोमोनास जीवाणूचा संसर्ग घडवला, तेव्हा लसूण न खाल्लेल्या माशांपेक्षा हे मासे जास्त जगले. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र तो नियंत्रित परिस्थितीतला होता. प्रत्येक शेततळ्यात तसाच परिणाम दिसेल असे नाही.

अँटिबायोटिक का नको?

सतत वापराने जीवाणू औषधाला दाद देईनासे होतात आणि औषधाचा अंश माशातून ताटात येऊ शकतो. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक मिसळण्यावर 1 जानेवारी 2006 पासून बंदी घातली. भारतातही क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांना मत्स्यव्यवसायात मनाई आहे.

कसे द्यावे?

5 किलो खाद्याला किलोमागे 5 ग्रॅम धरल्यास 25 ग्रॅम लसूण लागतो. तो वाटून थोड्या तेलात कालवावा, खाद्याला चोळून सावलीत सुकवावा. जास्त घातल्यास उग्र वासामुळे मासे खाद्य टाळू शकतात.

हे लक्षात ठेवा

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील, तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे. तेव्हा खाद्य थांबवून एरेटर लावावा किंवा ताजे पाणी सोडावे. उन्हाळ्यात बागेसाठी पाणी उपसल्यावर हा धोका वाढतो. तिथे लसूण-हळद कामाची नाही.